हरवलेले मांजर आणि गोठवणारी थंडी

३१ जानेवारी २०१९ ची गोष्ट. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात कॅलिस्पेल नावाचे गाव आहे. तिथल्या एका कुटुंबाला आपली फ्लफी ही तीन वर्षांची मांजरी बर्फाच्या ढिगात पडलेली सापडली. अंगभर केसांत बर्फाचे गोळे घट्ट बसले होते आणि हाक मारली तरी हालचाल नव्हती. घरच्यांनी तिला उचलून थेट प्राण्यांच्या दवाखान्यात नेले. थर्मामीटर लावला तर त्यावर आकडाच उमटेना, कारण तो ९० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली मोजतच नव्हता. निरोगी मांजराचे तापमान १०१ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते.

डॉक्टरांनी कोमट पाणी, केस वाळवण्याचा ड्रायर आणि गरम टॉवेल वापरले, शिरेतून कोमट सलाइन दिले. काही वेळाने फ्लफी गुरगुरू लागली. पुढे ती बरी होऊन घरी गेली आणि तिची छायाचित्रे जगभर पोचली.

बातमी वाचून अनेकांनी हा चमत्कार म्हटले. पण थंडीत सजीवाचे शरीर कसे वागते हे ठाऊक असलेल्याला यात फार नवल वाटणार नाही. हे वागणे समजून घेतले, तर हरवलेले मांजर कुठे शोधावे, सापडल्यावर काय करावे आणि शोधताना स्वतःचा जीव कसा सांभाळावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. तिसरा प्रश्न सहसा कुणाला सुचत नाही, आणि माणसाच्या जिवाशी गाठ त्याचीच असते.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. शिकागो, मिनियापोलिस, टोरांटो अशा कडाक्याच्या थंडीच्या शहरांत आज कितीतरी मराठी घरे आहेत. काही घरांत मांजर आहे, आणि मुलांकडे राहायला गेलेले आईवडीलही. सामान आत घेताना दार क्षणभर उघडे राहते आणि मांजर निसटते. मग शोधायला घरातले सगळेच धावतात. कधी कधी अंगावर शाल आणि पायात घरातल्या सपाता एवढ्यावरच.

केसाळ अंग, तरी थंडी

अंगावर एवढे केस असताना मांजराला कसली थंडी, असा अनेकांचा समज असतो. पण पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातले रानमांजर. बर्फाळ मुलखाचा हा प्राणीच नव्हे. सभोवतालचे तापमान साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस असेल, तेव्हाच मांजराला अंग गरम किंवा गार ठेवण्यासाठी जादा शक्ती खर्च करावी लागत नाही. आपण सावली शोधतो त्या वेळी मांजर ओसरीवरच्या उन्हात खुशाल पसरते, ते यामुळेच.

केसांचे काम असते हवा अडकवून ठेवण्याचे. ही अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. केस भिजले की हवेची जागा पाणी घेते, आणि पाण्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट सहज वाहून जाते. त्यामुळे कोरड्या थंडीपेक्षा ओला बर्फ आणि वारा ही जोडी घातक. शिवाय हीटर लावलेल्या घरात बारा महिने राहिलेल्या मांजराच्या अंगावर बाहेर राहणाऱ्या मांजरासारखे हिवाळी दाट केस येत नाहीत.

त्यात भर म्हणजे मांजराचे लहान शरीर. पातेल्यातल्या चहापेक्षा कपातला चहा लवकर निवतो. तसेच चार किलोचे मांजर सत्तर किलोच्या माणसापेक्षा वजनाच्या मानाने लवकर उष्णता गमावते. पिल्ले आणि म्हातारी, आजारी, रोडावलेली मांजरे आणखी लवकर गारठतात.

थंडी वाढली की शरीर आधी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आवळते. त्यामुळे पोटातली उष्णता टिकते, पण कानांची टोके, शेपूट आणि पंजे यांचा रक्तपुरवठा घटतो. हिमदंश सर्वांत आधी होतो तो इथेच. केस उभे राहतात, कुडकुडणे सुरू होते. कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी उष्णता तयार करणे, आणि त्याला साखरेचे इंधन लागते. इंधन संपत आले आणि तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले, की कुडकुडणे थांबते, नाडी मंदावते, जनावर सुस्त होते. २८ अंशांच्या खाली बेशुद्धी येते आणि हृदयाचा ताल बिघडण्याचा धोका असतो. कुडकुडणे थांबले म्हणजे थंडी सोसू लागली, असे समजणे ही मोठी चूक ठरते.

ओ का देत नाही?

दोन वेळा दूध मागणारे, हाक मारताच धावत येणारे मांजर बाहेर गेल्यावर गप्प का होते, हे घरच्यांना कळत नाही. ‘आवाज दिला, ओ आली नाही, म्हणजे ते इथे नाही’ असे ठरवून लोक गाडी काढतात आणि दूरवर शोधायला जातात.

अनोळखी जागी घाबरलेले मांजर जवळची पहिली आडोशाची जागा गाठते आणि आवाज न करता दबून बसते. मांजर जसे शिकारी, तसेच मोठ्या जनावरांची शिकारही होणारे. अशा वेळी आवाज करणे म्हणजे आपला ठावठिकाणा सांगणे. म्हणून धनी दहा पावलांवर उभा राहून हाका मारत असला, तरी ते ओ देईलच असे नाही. त्यात गारठा वाढला की गुंगी येते, आणि आता इच्छा असूनही आवाज निघत नाही.

हरवलेल्या १२१० मांजरांची माहिती गोळा करून केलेली एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे ७५ टक्के मांजरे निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली होती. साधारण एक तृतीयांश मांजरे पहिल्या आठवड्यात जिवंत सापडली, तर वर्षभरात सापडलेल्यांचे प्रमाण ६१ टक्के होते. प्रत्यक्ष फिरून, वाकून, कोपरे धुंडाळून शोधणाऱ्यांना यश मिळण्याची शक्यता अधिक दिसली.

शोध घरापासून

तेव्हा शोध घराच्या आतूनच सुरू करावा. पलंगाची पोकळी, कपाटाचा वरचा कप्पा, कपडे वाळवायचे यंत्र, तळघर, माळा. बाहेर गेल्याची खात्री असली तरी एक जण आत शोधत राहिलेला बरा. नंतर ज्या दारातून मांजर गेले तिथून भिंतीच्या कडेकडेने पुढे जावे. पायऱ्यांखालची जागा, लाकडी ओट्याखालची पोकळी, गॅरेज, शेजाऱ्यांची अवजारांची खोली, झुडपांची बुडखी. शेजाऱ्याला ‘मांजर दिसले का’ एवढेच विचारून थांबू नये. त्याच्या परवानगीने गॅरेज उघडून स्वतः पाहावे. दोन दिवसांपूर्वी गॅरेज उघडले गेले, मांजर आत शिरले आणि दार पुन्हा बंद झाले, असे सहज होते.

दिवसासुद्धा हातात टॉर्च हवा. मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. अंधाऱ्या पोकळीत टॉर्च मारला की अंग दिसले नाही तरी दोन चकाकते ठिपके दिसतात. मात्र बेशुद्ध मांजराचे डोळे मिटलेले असू शकतात, म्हणून बर्फातला प्रत्येक उंचवटा हाताने चाचपावा.

बर्फाचा एक फायदाही आहे. ताज्या बर्फावर पावले उमटतात. मांजराचा ठसा गोलसर असतो आणि त्यात सहसा नखे दिसत नाहीत, कारण चालताना ते नखे आत ओढून घेते. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात. म्हणून मांजर निसटले की सगळ्यांनी अंगण तुडवण्याआधी एकाने शांतपणे ठसे पाहावेत.

खाण्याचा वास हेही एक साधन. गोठलेल्या अन्नाला वास फारसा सुटत नाही. त्यामुळे मासळी किंवा मांजराचे नेहमीचे ओले खाणे कोमट करून थोडे थोडे ठेवावे आणि गार झाले की बदलावे. गॅरेजचे दार वीतभर उघडे ठेवून आत पुठ्ठ्याच्या किंवा थर्मोकोलच्या खोक्यात कोरडा पेंढा घालावा. गोधडी किंवा जुना स्वेटर घालण्याची इच्छा होते, पण कापड ओल शोषते आणि गोठते. पेंढा कोरडा राहतो आणि मांजराला त्यात शिरून बसता येते.

गाडीचे दोन धोके

थंडीत नुकत्याच थांबलेल्या गाडीचे इंजिन ही मांजराला सापडणारी सर्वांत उबदार जागा. खालून वर चढून ते थेट इंजिनाजवळ जाऊन बसते. सकाळी गाडी सुरू केली की पंखा आणि पट्टे यांत सापडून भयंकर इजा होते. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनचार थापा माराव्यात, हॉर्न वाजवावा आणि क्षणभर थांबावे. ही सवय पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातही उपयोगी आहे. सोसायटीच्या पार्किंगमधली पिल्ले ऊब शोधत तिथेच शिरतात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. रेडिएटरमधले पाणी गोठू नये म्हणून घालतात त्या अँटिफ्रीझमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. गळून साचलेले असे पाणी मांजराने प्यायले, किंवा पंजे त्यात भरल्यावर चाटून साफ केले, तर ते विष पोटात जाते. शुद्ध द्रव किलोमागे दीड मिलिलिटरलाही मांजर दगावू शकते. चार किलोच्या मांजराला चहाचा एक चमचा पुरतो. सुरुवातीला ते प्यायल्यासारखे झोकांड्या खाते, उलट्या करते, आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. उतारा आहे, पण मांजराच्या बाबतीत तो पहिल्या तीन तासांत मिळावा लागतो. अडचण अशी, की झोकांड्या गारठ्यानेही जातात आणि विषानेही. त्यामुळे सापडलेले मांजर लडखडत असेल, तर ‘थंडीने झाले असेल, ऊब मिळाली की बरे होईल’ म्हणत वाट पाहू नये.

शोधणाऱ्याचे शरीर

३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोचे तापमान उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. वाऱ्याचा हिशेब धरला तर अंगाला जाणवणारी थंडी उणे ४६ अंशांच्या आसपास होती. त्या दिवशी अमेरिकेच्या त्या भागात टपालवाटपही बंद ठेवावे लागले. जाणवणारी थंडी उणे २८ ते उणे ३९ असेल तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० ते उणे ४७ मध्ये त्याला पाच ते दहा मिनिटे पुरतात.

हिमदंशाचा दगा असा, की तो दुखत नाही. आधी बोटे, नाक, कानांच्या पाळ्या झोंबतात, मग बधिर होतात. बधिर झाल्यावर माणसाला बरे वाटते आणि तो पुढे चालत राहतो. त्वचा पांढुरकी, मेणासारखी दिसू लागली तर तो हिमदंशच समजावा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तर झोंबण्याची पहिली सूचनाही मिळत नाही.

सगळ्यांत आधी मंदावते ते तारतम्य. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. माणूस अडखळत बोलतो, हातातली वस्तू सुटते, चिडचिड करतो, आणि ‘मला काही झालेले नाही’ असे ठामपणे सांगतो. अगदी शेवटच्या टप्प्यात काही जण अंगातले कपडे काढून टाकतात. थंडीने मरण पावलेल्या काहींचे देह पलंगाखाली, कपाटामागे, अरुंद सापटीत शिरलेले आढळतात. गारठलेले मांजर जिथे जाते, जवळपास तिथेच गारठलेला माणूसही जातो.

साठीपुढच्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. अशा वेळी गुडघाभर बर्फातून चालणे किंवा फावड्याने बर्फ उपसणे म्हणजे हृदयाची कठीण परीक्षा. हृदयरोग किंवा उच्च रक्तदाब असलेल्या आजी-आजोबांनी शोधाचा आतला भाग हाती घ्यावा: घरातले कोपरे, शेजाऱ्यांना फोन, प्राण्यांच्या निवारा केंद्राला कळवणे, खाणे कोमट करून देणे. हे काम दुय्यम नाही.

बाहेर जाणाऱ्यांनी दोघादोघांनी जावे. कपड्यांचे तीन थर, टोपी, तोंडावर मफलर, बोटे एकत्र राहतील असे हातमोजे, पाणी न शिरणारे बूट. वेळ आधीच बांधून घ्यावी, जसे पंधरा मिनिटे बाहेर, मग आत येऊन ऊब. ही वेळ घड्याळाने पाळावी, मनाने नव्हे, कारण थंडीत मनाचा भरवसा नसतो. गोठलेल्या तळ्यावर तर मांजर समोर दिसत असले तरी पाऊल ठेवू नये. चार किलोला पेलणारा बर्फ सत्तर किलोला पेलेलच असे नाही. ‘थोडी ब्रँडी घेऊन जातो’ हा विचारही सोडावा. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब आल्यासारखे वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडते.

थंड आहे म्हणून मृत नव्हे

मे १९९९ मध्ये नॉर्वेतील नार्विकजवळ ॲना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकली. ती सुमारे ८० मिनिटे गोठवणाऱ्या पाण्यात होती. ट्रोम्सोच्या रुग्णालयात तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंश सेल्सिअस नोंदले गेले. हृदय थांबलेले होते. तरी डॉक्टरांनी उपचार थांबवले नाहीत. ती वाचली आणि पुढे त्याच रुग्णालयात काम करू लागली.

याचे कारण असे, की शरीर थंड होत जाते तशी मेंदूची प्राणवायूची गरज घटत जाते. दर अंशामागे ती सहासात टक्क्यांनी कमी होते. हृदय थांबण्याआधीच मेंदू पुरेसा थंड झाला असेल, तर तो अधिक काळ तग धरू शकतो. त्यातूनच आपत्कालीन वैद्यकातला नियम आला: शरीर ऊब देऊनही निर्जीव राहिले तरच मृत्यू मानावा. प्रत्येक गोठलेला जीव परत येतो असे नाही, बरेच येत नाहीत. पण अंगणात उभे राहून तो निवाडा आपण करू नये.

मांजर निपचित सापडले तर त्याला आडवे ठेवून दोन्ही हातांवर अलगद उचलावे. अति थंड झालेले हृदय नाजूक असते, धक्क्याने त्याचा ताल बिघडू शकतो. त्यामुळे हलवून जागे करू नये. घरात आणून केस टॉवेलने टिपावेत, चोळू नयेत. कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून गरम पाण्याची पिशवी कापडात लपेटून छाती-पोटाजवळ ठेवावी. आधी पाय शेकू नयेत, कारण पायांतले थंड रक्त एकदम हृदयाकडे आले तर आतले तापमान आणखी उतरते. विजेची शेगडी अंगाला लावू नये, बधिर त्वचा भाजते. पूर्ण शुद्धीवर नसलेल्या मांजराच्या तोंडात दूध घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. हे सारे दवाखान्यात पोचेपर्यंतचे उपाय, आणि तिथे आधी फोन करून निघावे.

माणसाच्या हिमदंशालाही हाच संयम लागतो. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लॅरे याने सैनिकांचे गोठलेले अवयव शेकोटीवर शेकल्याने सडताना पाहिले आणि बर्फाने चोळण्याचा सल्ला दिला. शेकोटीबद्दल तो बरोबर होता, चोळण्याबद्दल चुकला. तरी त्याचा सल्ला शंभराहून अधिक वर्षे चालला. आज ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात अवयव साधारण अर्धा तास बुडवतात, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवतच नाहीत.

भेदरलेले मांजर धन्यालाही चावते. त्याचे बारीक सुळे खोल शिरतात, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत जंतुसंसर्ग होतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. रेबीजची लस घ्यायची का, हे त्यांनीच ठरवावे. आपल्याकडे हा सल्ला बारा महिने लागू आहे.

तयारी आणि वाट पाहणे

खरी तयारी थंडीआधीची. मांजराच्या खांद्यांजवळ त्वचेखाली बसवलेली मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात ओळखक्रमांक असतो. अमेरिकेतील ५३ प्राणी-निवारा केंद्रांच्या २००९ मधील अभ्यासात, भटकी म्हणून आलेल्या एकूण मांजरांपैकी दोन टक्क्यांहून कमी आपल्या घरी परत गेली होती. मायक्रोचिप असलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. मात्र नोंदीतला फोन क्रमांक जुना असेल तर चिपचा उपयोग नाही.

रात्री शोध थांबवून आत येणे फार जड जाते. ते बाहेर कुडकुडत असताना आपण उबेत कसे बसायचे, हा सल राहतो. अशा वेळी २०१२ मधली एक अमेरिकी पाहणी आठवावी. परत मिळालेल्या मांजरांपैकी सुमारे ३० टक्के आसपास शोधल्यामुळे सापडली, तर सुमारे ५९ टक्के स्वतःच्या पायांनी घरी आली. म्हणून शोध सोडू नये, पण पाळ्या लावून घ्याव्यात. गॅरेजचे दार वीतभर उघडे, आत पेंढ्याचे खोके, कोमट खाणे, आणि दर तासाला एकाने टॉर्च घेऊन एक फेरी. पहाटे दारावर नखे ओरखडली, तर ती ऐकायला आणि दार उघडायला घरात धडधाकट माणूस हवा.